परिसरातील खाद्यदुकाने आणि मुलांचा लठ्ठपणा : या अभ्यासासाठी ‘एमजीसीव्ही’ पॅकेज कितपत उपयोगी आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली ५ ते १९ वर्षे वयोगटातील ३९ कोटींहून अधिक मुलामुलींचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते आणि त्यांपैकी सुमारे १६ कोटी लठ्ठ या वर्गात मोडत होती. या वाढीला मुलांच्या भोवतालचा खाद्यपरिसर, म्हणजे घराच्या आणि शाळेच्या आसपास काय आणि किती अंतरावर विकत मिळते, कितपत जबाबदार आहे, हा प्रश्न विचारायला सोपा असला तरी मोजायला अतिशय अवघड आहे. हे परीक्षण त्या प्रश्नाच्या उत्तराचे नाही, तर तो मोजण्यासाठी मी नेहमी वापरत असलेल्या एका साधनाचे आहे. ‘आर’ या संगणकभाषेतील ‘एमजीसीव्ही’ हे पॅकेज सायमन वुड यांनी लिहिले आहे, ते मुक्त परवान्याखाली मोफत मिळते आणि ‘आर’ बसवतानाच सोबत येते. सामान्यीकृत योगात्मक मॉडेल, म्हणजे सरळ रेषांऐवजी डेटातून काढलेले गुळगुळीत वक्र वापरणारी समाश्रयण (रिग्रेशन) मॉडेल, हा त्याचा मुख्य विषय आहे. ते परिसंस्थाशास्त्रापासून वायुप्रदूषणापर्यंत अनेक ठिकाणी वापरले जाते. येथे मात्र मी ते केवळ एकाच कामाच्या कसोटीवर पाहणार आहे.

या कामात पहिली अडचण अंतराची असते. प्रचलित पद्धतीत संशोधक मुलाच्या घराभोवती किंवा शाळेभोवती एक वर्तुळ आखतो, त्या वर्तुळातील फास्ट फूडची दुकाने मोजतो आणि ती संख्या मॉडेलमध्ये एक चल (व्हेरिएबल) म्हणून घालतो. वर्तुळाची त्रिज्या चारशे मीटर घ्यायची, आठशे घ्यायची की एक मैल, याला बहुतेक वेळा आधीच्या निबंधातील सवयीखेरीज दुसरा आधार नसतो. शिवाय या रचनेत असे गृहीत धरलेले असते की वर्तुळाच्या आतील प्रत्येक दुकानाचा परिणाम सारखाच आहे आणि रेषेच्या एक मीटर पलीकडे गेल्याबरोबर तो शून्य होतो. असे मानणारा माणूस प्रत्यक्षात सापडणार नाही, पण असे मानणारी मॉडेल मात्र शेकड्यांनी प्रसिद्ध झाली आहेत. स्थानिक खाद्यपरिसर आणि लठ्ठपणा यांच्या संबंधावरील २०१५ च्या एका व्यापक आढाव्यात बहुतांश तपासण्यांमध्ये कोणताही स्पष्ट संबंध आढळला नव्हता. त्यामागे इतर अनेक कारणे असली, तरी त्रिज्येची ही मनमानी हेही एक कारण असावे, असे माझे मत आहे.

त्रिज्या किती महत्त्वाची ठरते याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या करी, देलाविन्या, मोरेत्ती आणि पथानिया यांच्या कॅलिफोर्नियातील अभ्यासात सापडते. शाळेपासून एक दशांश मैलाच्या आत, म्हणजे साधारण १६० मीटरच्या आत, फास्ट फूडचे दुकान असलेल्या शाळांमध्ये नववीच्या विद्यार्थ्यांतील लठ्ठपणाचे प्रमाण किमान ५.२ टक्क्यांनी अधिक असल्याचा त्यांचा अंदाज होता. पाव मैल आणि अर्धा मैल अंतरावरील दुकानांचा मात्र जाणवण्याजोगा परिणाम त्यांना दिसला नाही. याच प्रश्नासाठी कोणी अर्ध्या मैलाचे एकच वर्तुळ आखले असते, तर १६० मीटरच्या आतील मोजकी दुकाने बाहेरच्या पट्ट्यातील कितीतरी अधिक दुकानांमध्ये मिसळून गेली असती आणि संबंध जवळजवळ पुसला गेला असता. अर्ध्या मैलाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ एक दशांश मैलाच्या वर्तुळाच्या पंचवीसपट असते, एवढे लक्षात घेतले तरी हे पटण्यासारखे आहे.

‘एमजीसीव्ही’ची खरी किंमत मला येथे वाटते. या पॅकेजमध्ये रेषीय फलनकी पदे नावाची एक सोय आहे; तिची माहिती मदतपानांच्या गर्दीत दडलेली असते आणि अनेक अनुभवी वापरकर्त्यांनाही ती ठाऊक नसते. प्रत्येक मुलासाठी एकाच संख्येऐवजी एक संपूर्ण ओळ तयार करायची : पहिल्या शंभर मीटरच्या कड्यात, म्हणजे वर्तुळाकार पट्ट्यात, किती दुकाने, पुढच्या शंभर मीटरच्या कड्यात किती, असे करत दोन-तीन किलोमीटरपर्यंत. या ओळी एकाखाली एक ठेवल्या की दुकानांच्या संख्यांचा एक सारणीसमूह (मॅट्रिक्स) तयार होतो. त्याच आकाराचा दुसरा समूह अंतरांचा असतो आणि त्यात प्रत्येक कड्याचे मध्यअंतर प्रत्येक ओळीत तसेच लिहिलेले असते. मग अंतराच्या समूहाचे गुळगुळीत पद घेऊन त्याला दुकानसंख्यांच्या समूहाने गुणायचे, एवढेच सूत्रात लिहावे लागते. दोन्ही घटक समूह आहेत हे पाहून पॅकेज प्रत्येक कड्यासाठी ‘त्या अंतरावरील परिणाम गुणिले त्या कड्यातील दुकाने’ असा गुणाकार करते आणि ओळीभर बेरीज घेते. हाती येतो तो एक वक्र : अमुक अंतरावर एक दुकान वाढले तर मुलाच्या बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दाखवणाऱ्या निर्देशांकाच्या, प्रमाणित मूल्यात किती फरक अपेक्षित आहे, हे सांगणारा.

साथरोगशास्त्रात याला अवकाशीय (म्हणजे जागेतील) अंतराचे वितरित विलंब मॉडेल म्हटले जाते. वायुप्रदूषणाच्या अभ्यासात कालचे, परवाचे आणि तेरवाचे प्रदूषण जसे एकाच मॉडेलमध्ये घेतले जाते, तसेच येथे दिवसांच्या जागी मीटर येतात. बेक, सांचेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ही कल्पना बांधीव परिसर आणि आरोग्य यांच्या अभ्यासासाठी पद्धतशीरपणे मांडली आणि कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांच्या डेटावर ती वापरून दाखवली. या मांडणीचे वैशिष्ट्य असे की त्रिज्या हा संशोधकाचा पूर्वनिर्णय उरत नाही. वक्र कोठे शून्याला टेकतो हे डेटा सांगतो. ‘एमजीसीव्ही’मध्ये हे सर्व सूत्राच्या एका पदात मावते, त्यासाठी स्वतंत्र पॅकेज लागत नाही, आणि हीच गोष्ट हाताने लिहिण्याचा प्रयत्न ज्यांनी केला असेल त्यांना या एका पदाचे मोल लगेच कळेल.

कृत्रिम डेटावर, म्हणजे खरा वक्र आपणच ठरवून तयार केलेल्या डेटावर, तपासणी केली असता पॅकेजचे बलस्थान आणि त्याची खोड या दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात. परिणाम अंतरानुसार हळूहळू ओसरत असेल, तर मिळणारा वक्र मूळ वक्राच्या अगदी जवळ येतो. परंतु परिणाम पहिल्या दीडशे मीटरमध्ये एकवटलेला असेल आणि पुढे एकदम सपाट होत असेल, तर वक्र त्या सुरुवातीच्या उंचीला कमी दाखवतो आणि तिची शेपटी पुढच्या कड्यांमध्ये पसरवतो. याचे कारण पॅकेजच्या रचनेतच आहे. नेहमीच्या पदांमध्ये वक्राच्या वळणांवर, तो फार वेडावाकडा होऊ नये म्हणून, लावला जाणारा दंड सर्व अंतरांवर सारखाच असतो. दूरच्या सपाट भागासाठी योग्य असलेला दंड जवळच्या तीव्र उतारासाठी फार कडक ठरतो. अंतर मीटरमध्ये न घेता त्याच्या वर्गमुळात किंवा लॉगमध्ये घेतले, तर ही अडचण बरीचशी दूर होते. दंड ठिकाणानुसार बदलू देणारा अनुकूली प्रकारही उपलब्ध आहे, पण त्याला पुष्कळ डेटा लागतो आणि वेळही.

दुसरी गोष्ट भूमितीची आहे आणि तिच्यावर कोणतेही पॅकेज उपाय करू शकत नाही. कड्याचे क्षेत्रफळ अंतराबरोबर वाढत जाते, म्हणून जवळच्या कड्यांमध्ये दुकाने नेहमीच कमी असतात आणि बहुसंख्य मुलांच्या ओळीत तेथे शून्य असते. परिणामी वक्राचा विश्वासपट्टा, म्हणजे अंदाजातील अनिश्चितता दाखवणारा पट्टा, जेथे आपल्याला सर्वाधिक रस असतो तेथेच, म्हणजे मुलाच्या अगदी जवळ, सर्वांत रुंद असतो. पॅकेज हे लपवत नाही, ही त्याची चांगली बाजू आहे. मात्र हा पट्टा संपूर्ण वक्रावर सरासरीने पंचाण्णव टक्के बरोबर असावा अशा अर्थाने घ्यायचा असतो, प्रत्येक बिंदूवर तेवढी हमी नसते. निबंधांमध्ये मात्र “दोनशे दहा मीटरपर्यंत परिणाम लक्षणीय आहे” अशा धाटणीची वाक्ये सर्रास आढळतात. वक्राचा पट्टा शून्यरेषेला नेमका कोठे छेदतो त्यावर धोरण बेतणे, म्हणजे जुनी मनमानी त्रिज्या नव्या वेशात परत आणणेच होय.

मूल केवळ घराभोवती वावरत नाही. ते शाळेत जाते, वाटेत थांबते, शिकवणीला जाते. मेई-पो क्वान यांनी २०१२ मध्ये अनिश्चित भौगोलिक संदर्भाची समस्या या नावाने हीच अडचण मांडली होती : व्यक्तीवर खरोखर परिणाम करणारे क्षेत्र कोणते आणि ती त्यात किती काळ असते, हे संशोधकाला ठाऊक नसते. ‘एमजीसीव्ही’मध्ये घराभोवतीच्या कड्यांसाठी एक पद आणि शाळेभोवतीच्या कड्यांसाठी दुसरे पद सहज घालता येते, आणि दोन्ही वक्र वेगवेगळे निघतात. प्रत्यक्षात बरीच मुले शाळेच्या जवळच राहत असल्यामुळे ही दोन पदे एकमेकांची माहिती वाटून घेतात. ती किती प्रमाणात परस्परांत मिसळली आहेत हे तपासणारे ‘कॉनकर्व्हिटी’ हे फलन (फंक्शन) पॅकेजमध्ये आहे. मी ते प्रत्येक विश्लेषणात वापरते आणि इतरांनीही वापरावे, असा माझा आग्रह आहे, कारण त्याचे मूल्य १ च्या जवळ गेले असेल तर घराचा वक्र आणि शाळेचा वक्र यांचे वेगवेगळे अर्थ लावणे धाडसाचे ठरते.

एकाच अंतरावरील दहावे दुकान पहिल्या दुकानाइतकाच परिणाम करते का, हाही रास्त प्रश्न आहे. त्यासाठी अंतर आणि संख्या या दोघांचा द्विमितीय पृष्ठभाग काढता येतो आणि तोही त्याच बेरजेच्या नियमाने चालतो. अंतोनियो गॅस्पारिनी यांच्या वितरित विलंब मॉडेलांसाठीच्या ‘डीएलएनएम’ पॅकेजमधील, या दोन्ही मिती एकत्र गुंफणारी आडवी-उभी रचनाही ‘एमजीसीव्ही’च्या आत वापरता येते. मला व्यवहारात त्याचा फारसा लाभ झालेला नाही, कारण इतका तपशील पेलेल एवढा डेटा क्वचितच हाती असतो.

आता मॉडेलच्या उरलेल्या सांगाड्याकडे वळते. मुले वर्गांत, वर्ग शाळांत आणि शाळा परिसरांत असतात; पुन्हा एकाच परिसरातील मुले अनेक शाळांत आणि एका शाळेतील मुले अनेक परिसरांतून येतात. अशा आडव्या-उभ्या गुंतलेल्या रचनेसाठी शाळेचे एक आणि परिसराचे एक अशी दोन यादृच्छिक पदे, म्हणजे प्रत्येक गटाचा सरासरीपासूनचा फरक सामावून घेणारी पदे, घालणे येथे अगदी सोपे आहे. गटांची संख्या काही शेकड्यांत असेल तोवर काम सुरळीत चालते; ती हजारोंत गेली की स्मृती आणि वेळ दोन्ही अपुरे पडू लागतात, कारण पॅकेज या गुणांकांची विरळ, म्हणजे बहुतेक शून्यांची, रचना वापरून बचत करत नाही. मदतपानावर हे प्रांजळपणे लिहिलेले आहे आणि अशा वेळी ‘गॅम४’ हे दुसरे पॅकेज वापरण्याचा सल्लाही तेथेच दिलेला आहे. प्रत्येक मुलाची वर्षानुवर्षे केलेली अनेक मोजमापे असतील आणि प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र पद हवे असेल, तर मी सुरुवातीपासूनच दुसरा मार्ग धरते.

शेजारच्या परिसरांमधील साम्य हाताळण्यासाठी मार्कोव्ह यादृच्छिक क्षेत्राचा, म्हणजे शेजारी परिसरांचे अंदाज एकमेकांजवळ ओढणाऱ्या पदाचा, प्रकार उपलब्ध आहे. त्याला परिसरांच्या सीमा किंवा शेजाऱ्यांची यादी द्यावी लागते आणि यादीतील नावे डेटातील नावांशी अक्षरशः जुळावी लागतात. ज्या परिसरात एकही मूल मोजलेले नाही तो परिसर मॉडेलमध्ये टिकवायचा असेल, तर न वापरलेले वर्ग वगळू नयेत, अशी सूचना स्वतंत्रपणे द्यावी लागते. ती दिली नाही की मिळणारा त्रुटिसंदेश नवख्या माणसाला काहीही बोध करून देत नाही. सीमांचा प्रश्नच टाळायचा असेल, तर अक्षांश-रेखांशांचे द्विमितीय गुळगुळीत पद हा अधिक सरळ पर्याय आहे, आणि प्रशासकीय सीमा कशा आखल्या त्यावर निकाल बदलण्याचा जुना दोषही त्यामुळे काहीसा टळतो.

परंतु याच टप्प्यावर या विषयातील सर्वांत अप्रिय प्रश्न उभा राहतो. दुकाने नकाशावर कोठेही उगवत नाहीत. ती वर्दळीच्या रस्त्यांवर, जमिनीचे भाडे परवडेल तेथे आणि गिऱ्हाईक मिळेल तेथे उघडतात. कुटुंबेही उत्पन्न, नोकरी आणि आवड यांनुसार राहण्याची जागा निवडतात. म्हणजे दुकानांची घनता आणि मुलांचे वजन या दोहोंमागे एकच न मोजलेला अवकाशीय घटक असण्याची शक्यता नेहमीच असते. मॉडेलमध्ये अवकाशीय पद घातले की ते पद आणि दुकानांचे पद एकाच माहितीसाठी झगडू लागतात. त्यामुळे अवकाशीय पद घालण्यापूर्वी ठळक असलेला परिणाम ते घातल्यावर नाहीसा होतो किंवा क्वचित चिन्हही बदलतो, आणि संशोधक आपल्याला सोयीचे ते मॉडेल निबंधात ठेवतो. डुपाँ, वुड आणि ऑगस्टिन यांनी २०२२ मध्ये यावर एक उपाय सुचवला. आधी दुकानांच्या चलातून त्याचा अवकाशीय भाग गुळगुळीत पदाने काढून टाकायचा आणि उरलेला भाग मुख्य मॉडेलमध्ये अवकाशीय पदासोबत घालायचा. दोन्ही पायऱ्या ‘एमजीसीव्ही’मध्येच होतात. ही पद्धत एका संख्येच्या चलासाठी मांडलेली आहे. कड्यांच्या संपूर्ण ओळीला ती लावताना प्रत्येक कड्यासाठी वेगळे मॉडेल बसवावे लागते आणि काम लांबते, तरीही दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहणे मला आवश्यक वाटते. मात्र या उपायाने निवासाच्या निवडीचा प्रश्न सुटतो असे कोणी समजू नये. तो अभ्यासाच्या आखणीत सोडवावा लागतो : दुकान उघडण्यापूर्वीची आणि नंतरची मोजमापे, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा मागोवा, किंवा करी आणि सहकाऱ्यांनी केली तशी अगदी जवळच्या व थोड्या दूरच्या दुकानांची तुलना.

परिणामाचा चल कोणता घ्यावा याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण येथे पॅकेजइतकीच वापरणाऱ्याची समज पणाला लागते. मोठ्या माणसांप्रमाणे मुलांचा बीएमआय जसाच्या तसा घेता येत नाही. वय आणि लिंग यांनुसार तो प्रमाणित करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा संदर्भ ५ ते १९ वर्षांसाठी आहे आणि त्यात मध्यमूल्यापासून एका प्रमाण विचलनाच्या वर जास्त वजन व दोनच्या वर लठ्ठपणा मानला जातो; पाच वर्षांखालील मुलांसाठी हेच उंबरठे अनुक्रमे दोन आणि तीन आहेत. अमेरिकेतील २००० च्या तक्त्यांमध्ये पंचाण्णवावे शततमक (पर्सेंटाइल) हा उंबरठा आहे, पण त्या तक्त्यांमधून काढलेली प्रमाणित मूल्ये अतिशय जास्त वजनाच्या मुलांमध्ये एकमेकांजवळ दाबली जातात, म्हणून २०२२ मध्ये त्यांना तीव्र लठ्ठपणासाठी पुरवणी जोडावी लागली. अनेक अभ्यासक सरळ ‘लठ्ठ आहे की नाही’ असा होय-नाहीचा चल घेतात. तसे केल्याने उंबरठ्याच्या किंचित खालचे मूल आणि अगदी सडपातळ मूल एकाच टोपलीत पडतात आणि उपलब्ध माहितीचा मोठा भाग वाया जातो.

खाद्यपरिसराचा परिणाम सर्व मुलांवर सारखा नसून वितरणाच्या वरच्या टोकावरच अधिक असण्याची शक्यता असते. सरासरीचे मॉडेल ते पाहू शकत नाही. ‘एमजीसीव्ही’मध्ये सरासरी आणि प्रसार या दोघांसाठी वेगवेगळी सूत्रे लिहिता येतात, त्यामुळे दुकाने वाढली की वजनांचा फैलाव वाढतो का, हे थेट विचारता येते. शततमकांचे समाश्रयण हवे असल्यास ‘क्यूगॅम’ हे वेगळे पॅकेज आहे. ते याच सूत्रलेखनावर उभे असल्यामुळे नव्याने काही शिकावे लागत नाही. माझ्या मते या विषयासाठी नव्वदाव्या शततमकाचा अंतर-वक्र हा सरासरीच्या वक्रापेक्षा कितीतरी अधिक अर्थपूर्ण असतो, आणि तो काढण्याची सवय अजून रुजलेली नाही याचे आश्चर्य वाटते.

डेटा मोठा असेल, तर ‘गॅम’ या पॅकेजच्या नेहमीच्या फलनाऐवजी ‘बॅम’ हे फलन वापरावे. वुड आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या निबंधात सुमारे दहा हजार गुणांक आणि दहा कोटी निरीक्षणे हाताळण्याइतकी ही पद्धत वाढवून दाखवली आहे. शाळांच्या राष्ट्रीय वजनमापन मोहिमांचा डेटा, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये चार-पाच आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा दरवर्षी गोळा होणारा डेटा, या मर्यादेच्या बऱ्याच आत बसतो. माझ्या वापरात साध्या संगणकावरही लाखो ओळींचे मॉडेल बसवताना अडचण आलेली नाही.

उणिवांपैकी दोन मला गंभीर वाटतात. पहिली भारांकांची. सर्वेक्षणात प्रत्येक मुलाला एक भार, म्हणजे ते लोकसंख्येतील किती मुलांचे प्रतिनिधित्व करते हे सांगणारा आकडा, असतो आणि अनेक अभ्यासक तो भार पॅकेजच्या भारांकाच्या जागी घालून मोकळे होतात. पॅकेज मात्र दोन या भाराचा अर्थ ‘हेच निरीक्षण दोनदा आले’ असा घेते, त्यामुळे प्रमाण त्रुटी चुकीच्या येतात, आणि होय-नाहीच्या चलाच्या मॉडेलमध्ये भारांची बेरीज लोकसंख्येइतकी मोठी असेल तर त्या हास्यास्पद वाटाव्यात इतक्या लहान होतात. नमुना निवडीच्या स्तरांची आणि गुच्छांची दखल घेणारी सोय येथे नाही. दुसरी उणीव गहाळ माहितीची. पालकांचे उत्पन्न किंवा शिक्षण भरलेले नसेल, तर ती ओळ गुपचूप वगळली जाते. ज्यांची माहिती गहाळ असते ती कुटुंबे बहुधा यादृच्छिक नसतात, म्हणून बहुआरोपण, म्हणजे गहाळ जागी संभाव्य मूल्ये भरून डेटाचे अनेक संच बनवणे, दुसऱ्या पॅकेजमध्ये करून प्रत्येक संचावर मॉडेल बसवावे लागते. वक्र एकत्र करण्याचे काम मग स्वतःलाच करावे लागते.

दुकानांच्या यादीतील चुका ही तिसरी बाब असली, तरी तिचा दोष पॅकेजला देणे अन्यायाचे होईल. व्यापारी याद्यांमध्ये बंद पडलेली दुकाने राहून जातात, नवी दुकाने उशिरा येतात आणि वर्गवारी फसवी असते. एकाच वर्गात ताजी फळे-भाजी ठेवणारे आणि केवळ वेष्टनातील पदार्थ विकणारे दुकान शेजारी बसते. प्रत्यक्ष फिरून दुकानातील माल तपासणाऱ्या मापनपद्धती यासाठीच तयार झाल्या. मोजमापातील ही त्रुटी मॉडेलमध्ये मांडण्याची सोय ‘एमजीसीव्ही’त नाही, आणि अशा त्रुटीमुळे वक्र बहुधा शून्याकडे ओढला जातो, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

मदतपाने अचूक आहेत, पण त्यांची भाषा गणितज्ञाने गणितज्ञासाठी लिहिल्यासारखी आहे. रेषीय फलनकी पदांचे पान दोन-तीनदा वाचल्याशिवाय उलगडत नाही. विशेषतः ओळींची बेरीज स्थिर नसेल तर वक्रावरील शून्य-सरासरीचे बंधन आपोआप काढले जाते, ही बाब तेथे एका वाक्यात उरकली आहे आणि वक्राचा अर्थ लावताना तीच सर्वांत महत्त्वाची असते. आलेख कामापुरते आहेत, छापण्यायोग्य नाहीत; त्यासाठी गॅविन सिम्पसन यांचे ‘ग्रॅशिया’ हे पॅकेज सोबत ठेवावे. आधारफलनांची, म्हणजे ज्या मूळ तुकड्यांतून वक्र रचला जातो त्यांची, संख्या पुरेशी आहे का हे तपासणारे फलन उपयुक्त आहे, मात्र त्यातील पी-मूल्य हा केवळ इशारा समजावा.

पर्यायांमध्ये ‘एलएमई४’ हे बहुस्तरीय मॉडेलसाठी जलद आहे, पण अंतराचा वक्र त्यात सरळ मांडता येत नाही. ‘आर-इन्ला’ अवकाशीय पदांमध्ये सरस आहे आणि हजारो परिसर सहज पेलते. कड्यांची बेरीज त्यात बसवणे शक्य असले तरी बरीच जुळवाजुळव करावी लागते आणि पूर्ववितरणांची, म्हणजे डेटा पाहण्याआधीच्या गृहीतकांची, निवड समजून घ्यावी लागते. ‘बीआरएमएस’ लवचिक आहे, आपली गुळगुळीत पदे ते ‘एमजीसीव्ही’कडूनच बांधून घेते, परंतु मोठ्या डेटावर फार संथ चालते. अंतर वाढेल तसा परिणाम घटतच जावा असे बंधन हवे असणाऱ्यांनी ‘स्कॅम’ हे पॅकेज पाहावे.

एका शहराचा किंवा जिल्ह्याचा डेटा, काहीशे परिसर, प्रत्येक मुलाचे एक किंवा दोन वेळा घेतलेले मोजमाप आणि अंतराविषयी खरे कुतूहल, अशी परिस्थिती असेल तर मी दुसऱ्या कोणत्याही साधनाआधी ‘एमजीसीव्ही’ची शिफारस करेन. गुंतागुंतीच्या सर्वेक्षणाचे भारांक, हजारो मुलांची दीर्घकालीन मोजमापे किंवा मोठ्या प्रमाणावर गहाळ माहिती असेल, तर मुख्य मॉडेल अन्यत्र बसवून ‘एमजीसीव्ही’ केवळ अंतराचा वक्र शोधण्यापुरते वापरावे. निबंध लिहिताना वक्रासोबत कड्यांची रुंदी, सर्वांत दूरच्या कड्याचे अंतर, अंतराचे घेतलेले रूपांतर आणि अवकाशीय पद असताना व नसतानाचे दोन्ही निकाल द्यावेत. या चार गोष्टींशिवाय दुसऱ्या कोणालाही तो वक्र पुन्हा काढता येत नाही.